तिसरा गिअर सुटतो

तिसरा

बावनदीचा पूल मागे टाकून निवळी घाटाचा चढ लागला तशी आत्मारामनं निळी गाडी तिसऱ्यात घातली, क्लच सोडला, आणि मनाशी म्हटलं की एवढा चढ ही नीट चढली की झालं, गाडी राहीच्या ताब्यात द्यायची, अंगावर दोन तांबे गरम पाणी ओतून घ्यायचं आणि कुणाशी एक अक्षर न बोलता भिंतीकडे तोंड करून

न्यूट्रल

खट्.

गिअरचा दांडा आपणहून मधे येऊन उभा राहिला. इंजिन बोंबललं, गाडीची ओढ गेली. मागच्या ट्रकनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आत्मारामनं गाडी कडेला घेतली आणि तसाच बसून राहिला. त्याला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते.

गणपतीच्या आधीपासून हे चाललं होतं. चढाला जोर दिला की, नाहीतर उताराला पाय काढला की, तिसरा सुटायचा. आधी त्यानं दांड्याचे खालचे सांधे बदलून पाहिले. फरक नाही. गणपती उठल्यावर गिअरबॉक्स खाली उतरवला, उघडला, तिसरा ढकलणारा फोर्क थोडा घासलेला वाटला म्हणून नवा घातला. गाडी सुतासारखी चालली. राहीनं साखरप्याहून पेढे आणून दिले होते. आणि आता शेतात भातं कापायला आली, दिवाळी तोंडावर आली, तर पुन्हा खट्.

गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा. या विचारानंच त्याची कंबर आधी दुखायला लागली.

या जातीच्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्याच कुशीला चिकटलेला. दोघांचा मिळून एकच गोळा, तो पुढची चाकं ओढतो. मागची चाकं बिचारी येतात मागून. सगळा संसार पुढच्या बॉनेटखाली दाटीवाटीनं मांडलेला, हात घालायला जागा नाही. गिअरबॉक्स काढायचा म्हणजे दोन्ही बाजूंचे ॲक्सल उपसायचे, तेल सांडायचं, इंजिनाला खालून टेकू द्यायचा आणि गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून ते धूड अंगावर घेत खाली आणायचं. तिशीत आत्माराम ते काम शीळ घालत करायचा. आता साठी दिसायला लागली होती आणि शीळ कधी बंद झाली ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

दांडा डाव्या हातानं दाबून धरत तो घाट चढून आला. हातखंब्याच्या अलीकडे, महामार्गाच्या धुळीत, त्याचं गॅरेज. मागे घर. अंगणात खुर्च्या टाकून राही आणि तिची आई वाट बघत बसल्या होत्या.

पहिला

राही ही देवरुखच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. लग्न केलं, मोडलं, परत आली, आता शाळेत पोषण आहार शिजवते. आई आनंदीबाई. निळी गाडी वडिलांची. ते गेल्यावर भाऊ नितेश विकायला निघाला होता, तर राहीनं हट्टानं ठेवून घेतली आणि चालवायला शिकली. ते बरंच झालं, कारण पुढच्याच वर्षी आनंदीबाईंची मूत्रपिंडं बसली.

आठवड्यातून तीन दिवस रत्नागिरीला डायलिसिस. वाडीत सगळे रक्त धुवायला जाणं म्हणत. वाडीपर्यंत एसटी येते ती दुपारची. रिक्षावाले आधी यायचे, मग त्यांनीही हळूहळू फोन उचलणं सोडलं. दोष कुणाला द्यायचा, तो रस्ताच तसा. तेव्हा गाडी होती म्हणून आनंदीबाई होत्या, असा हा साधा हिशेब.

आत्माराम गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघूनच राही समजली. ती जवळ आली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली. परवा येतानाही घाटात सुटला होता. नितेश रविवारी येतोय. गाडीचं काही खरं नसेल तर तो आईला नालासोपाऱ्याला घेऊन जाणार, तिथे इस्पितळ घराजवळ आहे, सोय सगळी आहे.

"मग जाऊ दे की," आत्माराम म्हणाला.

"ती नाही जायची, काका. ती म्हणते, मुंबईला नेलंत तर तिथं सुई टोचून घेणार नाही. म्हणते, गाडी थांबली की मी पण थांबले." राहीनं ओढणीनं मान पुसली. "आणि ती म्हणते तसं करते. तुम्हाला म्हायत्ये."

आत्मारामला माहीत होतं. त्यानं खुर्चीकडे पाहिलं. आनंदीबाई दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. डाव्या दंडावर नळ्या जोडून जोडून शीर दोरखंडासारखी वर आलेली. त्या त्याच्याकडे बघून हसल्या, ओळखीचं, थोडंसं. मग चिमा, आत्मारामची बायको, त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. बिनमिठाची पेज करून ठेवलीय म्हणाली, चव मात्र विचारू नका.

राही तिथंच उभी होती. आज होईल ना, एवढंच तिनं विचारलं.

"बघतो," आत्माराम म्हणाला. मेकॅनिकच्या तोंडात या शब्दाला काहीच अर्थ नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसरा

टेकू द्यायची त्याची स्वतःची रीत होती. नुसता जॅक लावून इंजिन तोलायला त्याचं मन घेत नसे. जॅक कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून जॅकनं इंजिन किंचित उचलायचं आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचं पोट आणि खालचा आडवा लोखंडी पट्टा यांच्या फटीत लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. पाचरी फणसाच्या. परसातला फणस वादळात पडला तेव्हा त्यानंच त्या तासून घेतल्या होत्या. फणसाचं लाकूड वजनाखाली चिरत नाही, तेल प्यायलं तरी कुजत नाही, आणि पिवळंधमक असल्यामुळे काळोख्या खड्ड्यात डोळ्याला दिसतं. चार पाचरी, प्रत्येकीच्या टोकाला करवतीची एक खाच.

आता तीनच होत्या. चौथी गेल्या महिन्यापासून बेपत्ता. त्यावरून घरात एक चांगलं भांडण होऊन गेलं होतं. आत्मारामचं म्हणणं, चिमानं ती न्हाणीच्या चुलीत घातली. चिमाचं म्हणणं, घातली असती तर पाणी तरी तापलं असतं, तुमचं गार पाण्यानं अंघोळ केल्यासारखं तोंड रोज बघायला लागलं नसतं. त्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता. मग कशावरून बोलायचं नाही तेच विसरला आणि बोलायला लागला.

तीन पाचरींवर आणि चौथ्या जागी विटेच्या तुकड्यावर त्यानं इंजिन तोललं.

चाकं काढली. ॲक्सल उपसले. हे करताना दोन्ही एकदम उपसायचे नसतात, नाहीतर आतला जोडगिअर जागेवरून ढळतो. एक काढायचा, त्या भोकात जुन्या ॲक्सलचा तुकडा खुपसायचा, मग दुसरा. हात सगळं आपापलं करत होते. तो नुसता हातांच्या मागे उभा होता.

बोल्ट सोडता सोडता त्यानं टॉर्च मारून इंजिनाची माउंटिंगंही बघितली. म्हणजे ती रबरं, ज्यांच्यावर हा सगळा गोळा टेकलेला असतो. वरची धड होती. मागचं, गिअरबॉक्सच्या बगलेतलं, तेही धड होतं. मागल्या वेळी बघितलं होतं तसंच, गच्च, मिटलेलं.

गिअरबॉक्स खाली आला. बाकावर उघडला. राही दारात येऊन उभी राहिली, मग गेली, मग परत आली. आत्मारामनं एकेक दाता कापडानं पुसून उजेडात धरला. नवा फोर्क नवाच होता. दात कडेला धारदार होते. शाफ्ट हलत नव्हते. बेअरिंगमधे खरखर नव्हती. तेलात लोखंडाची भुकटी नव्हती.

कुठं काही नव्हतं.

काहीतरी तुटलेलं सापडलं असतं तर तो आनंदानं नाचला असता. आजारी माणसाचे सगळे रिपोर्ट चांगले यावेत आणि तरी त्याला उठवत नसावं, तसं झालं. त्यानं सगळं होतं तसं परत बसवलं, कारण त्याशिवाय करण्यासारखं हातात काही नव्हतं. गिअरबॉक्स अंगावर घेऊन वर चढवला. या वेळी गुडघा इतका कळवळला की खड्ड्यातच त्याला पाच मिनिटं भिंतीला टेकावं लागलं. ॲक्सल, चाकं, तेल. जॅक सोडला, पाचरी काढल्या, वीट काढली, आणि गाडी खड्ड्यावरून ढकलून अंगणात आणली.

उन्हं उतरली होती.

तिसरा

राही नाक्यावर गेली होती. चहाला म्हणून, खरं तर नितेशशी बोलायला. आनंदीबाई घरातून बाहेर येऊन आपल्या नेहमीच्या जागी, मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी, बसून राहिल्या होत्या. काम झालंच असणार असं धरून बसल्यासारख्या.

आत्मारामनं पेट्रोलनं हात धुतले. मनात वाक्य जुळवलं. मोडीत काढा हिला. एवढंच. त्यात खोटं काही नाही. वयच झालंय हिचं. कितीदा उघडायचं, कितीदा मिटायचं, यालाही सुमार असतो. आपण सांगायचं, पुढचं त्यांचं ते बघतील. एकदा बोललं की सुटलं, मग आज तरी कुणी खड्ड्यात उतर म्हणणार नाही. वाक्य तोंडात घेऊन तो गाडीच्या डाव्या अंगाला आला, वाकला, काचेवर टकटक करायला बोट उचललं आणि काकी, तुमच्या या गाडीला आता

रिव्हर्स

काचेच्या फटीत पिवळं लाकूड.

मागची ती काच आपणहून खाली घसरायची, ही जुनीच तक्रार. ती वर धरून ठेवायला कुणीतरी फटीत पाचर मारली होती. एक टोक तेलानं काळं पडलेलं. दुसऱ्या टोकाला करवतीची खाच.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा मेकॅनिक मागच्या काचेकडे कशाला बघेल? दिवसभर ती त्याच्यापासून चार हातांवर होती.

बोट तसंच हवेत राहिलं, आणि तिथून सगळं उलटं सरकत गेलं.

आज: तिसरा सुटतो. पाचर काचेत आहे.

त्याच्या आधी: पाचर पडली असणार. कुठेतरी, रस्त्यातल्या खड्ड्यांच्या आदळआपटीत.

त्याच्या आधी: गाडी सुतासारखी चालतेय. राहीची एवढीच तक्रार की दुरुस्तीपासून सगळी गाडी थरथरते, स्टिअरिंग, सीट, आईची पाठसुद्धा. तो म्हणाला होता, वय झालं की थरथरायचंच. आणि ती दोघं हसली होती.

त्याच्या आधी: गणपतीनंतरची एक संध्याकाळ. डोळ्यांवर झापड. जॅक खाली. पाचरी काढल्या. किती काढल्या, ते न बघता.

त्याच्याही आधी: टॉर्चच्या उजेडात मागचं माउंटिंग. गच्च, मिटलेलं. मिटलेलं असणारच. खाली टेकू होता. टेकूवर बसवलेल्या इंजिनाचं रबर त्यानं तपासलं होतं, तेव्हाही आणि आज दुपारीही.

म्हणजे फोर्कनं काही बरं केलं नव्हतं. विसरलेल्या पाचरीनं गाडी बरी केली होती. आतला दाता सुटत नव्हता, सगळं इंजिनच झोक खात होतं आणि जाता जाता गिअर ओढून नेत होतं.

न्यूट्रल

"बस," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी त्याची नजर पाहिली होती.

तो पुढचं दार उघडून तिरका बसला, पाय बाहेर. महामार्गावरून गॅसचा टँकर गेला, अंगणातली पानं हलली.

"ही कुठं मिळाली, काकी?"

त्यांनी सांगितलं. घाट उतरताना खालून ठण्णदिशी आवाज आला. राहीनं गाडी थांबवली, तिला काही दिसेना. त्या उतरून मागे चालत गेल्या तर रस्त्यावर ही. ट्रकमधनं पडली असेल, असं राही म्हणाली.

"हातात घेतली तर गरम व्हती," आनंदीबाई म्हणाल्या. "रस्त्यावरचं लाकूड असं गरम नसतं. आपल्याच पोटातनं पडली, तेव्हाच कळलं."

त्या दिवसापासून थरथर थांबली आणि गिअर सुटायला लागला. राहीचं लक्ष रस्त्याकडे. यांना दुसरं काम नव्हतं, आठवड्यातून सहा वेळा त्याच सीटवर बसायचं, ती गाडी त्यांच्या पाठीला पाठ झाली होती. फणस आहे, चांगलं लाकूड आहे, काचेला होईल, असं म्हणून त्यांनी ती फटीत मारली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

"मला सांगायचं होतंत."

"व्हतं सांगायचं. न्हाय सांगितलं."

"का?"

"दमलंय रे मी."

हे त्या रडून बोलल्या नाहीत. कुणी विचारावं किती वाजले आणि सांगावं, तसं.

मग त्या हळूहळू बोलत गेल्या आणि आत्माराम समोरच्या काचेतून बाहेर बघत ऐकत राहिला. सुया टोचतात त्याचं काही नाही. घरी आल्यावरचा जो दिवस असतो, नुसता पडून छताच्या कोनात बघायचा, तो सरतो न सरतो तोच पुन्हा गाडीत बसायचं. आता नको, असं म्हणावं कितीदा मनात येतं. पण म्हणायचं कुणाला? नितेशला म्हणावं तर तो मुंबईला उचलून नेणार. राहीला म्हणावं तर ती कोसळणार, आणि उद्या काही झालं तर वाडी म्हणणार, पोरगी कंटाळली म्हातारीला. जन्मभर तिच्या कपाळी ते.

"गाडीनंच मान टाकली म्हंजे कुणाचं नाव न्हाय. ना तिचं, ना त्याचं." त्यांनी पाचरीवर बोट फिरवलं. "तू बघितलीस न्हाय असं समज. तुझ्या तोंडावर दिसतंय, तू पण आता सांगायलाच आला व्हतास."

खरंच, तेच सांगायला आत्माराम आला होता. दोन दमलेली माणसं, एकमेकांना न विचारता, एकाच उत्तराला टेकली होती. त्यानं आपलं वाक्य बोलून टाकलं असतं तर ते या अंगणात किती सहज खपलं असतं.

तो उतरला. एवढंच म्हणाला की घाटात उताराला तिसरा सुटतो तेव्हा स्टिअरिंग राहीच्या हातात असतं. समोरून डंपर येतो त्या वेळीही असतं.

आनंदीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, की येऊन त्यांनी परतवलं होतं, ते त्याला कळलं नाही.

"ती सावकाश चालवते," त्या म्हणाल्या. पण आवाजात बळ नव्हतं.

पहिला

राही चहाची किटली घेऊन आली. तो तिला म्हणाला, चहा राहू दे, आत बस. आईला चिमानं पुन्हा खुर्चीत नेऊन बसवलं. बॉनेट उघडं. हातब्रेक ओढायचा, उजवा पाय ब्रेकवर गच्च, पहिल्यात घालायची आणि क्लच जरासाच सोडायचा, गाडी हलता कामा नये. आता रिव्हर्स. आता परत पहिला.

आणि बिनटेकूचं, मोकळं सोडलेलं इंजिन खुर्चीतून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखं उठलं, पुढं झुकलं, मागं बसलं. खाली, गिअरबॉक्सच्या बगलेत, मागचं रबर मधोमध फाटलेलं. इंजिन उठलं की त्याचा जबडा उघडत होता, बसलं की मिटत होता.

राहीला ते बघायला त्यानं खाली बोलावलं आणि आपण क्लचवर बसला. ती बराच वेळ वाकून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच. माझ्या डोळ्यांसमोर होतं. मीच टेकू देऊन मिटवत होतो."

तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं किटलीतला निवलेला चहा कपात ओतून त्याच्यापुढे केला. पाचरीचं तो बोलला नाही. तेवढी गोष्ट सांगायचा हक्क त्याचा नव्हता.

गॅरेजच्या मागे रानमोडीच्या झुडपांत अशीच एक गाडी किती तरी वर्षं पडून होती. तिचं बाकी सगळं गंजलं होतं, पण मागचं माउंटिंग सावलीत राहिलेलं, रबरात अजून जीव होता. ते सोडवायला वेळ लागला, बसवायला लागला नाही. त्यासाठी पुन्हा खड्ड्यात उतरावं लागलं. या वेळी कंबरेनं काही म्हटलं नाही. तीही बहुतेक दमली असावी.

सगळं झाल्यावर तो मागच्या दाराशी गेला. आनंदीबाई येऊन बसल्या होत्या. राही पुढं बॉनेट पुसत होती, उगीचच. त्यानं काचेतली पाचर उपसली तशी काच सर्रकन खाली गेली. पाचर त्यानं त्यांच्या उताण्या तळहातावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच ठेवा. पण गाडीच्या आडून बोलू नका, काकी. जायचं, नाही जायचं, काय ते तुमच्या तोंडानं तिला सांगा. गाडी आता काही सांगणार नाही."

त्यांनी मूठ मिटली.

दुसरा

गाडी अंगणातून निघाली. आत्माराम कान देऊन उभा राहिला. पहिला. दुसरा. मग निवळीच्या बाजूला वळल्यावर आवाज इतर गाड्यांत मिसळला आणि त्याला तिसरा ऐकू आला नाही.

रात्री जेवताना त्यानं चिमाला सांगितलं की चौथी पाचर सापडली. न्हाणीच्या चुलीत नव्हती.

"मग कुठं होती?"

"गाडीतच."

चिमानं त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, महिनाभर मी चोर, आणि आता नुसतं गाडीतच. पण मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनं पुढचं बोलणं गिळलं. उद्या दुपारपर्यंत शटर उघडू नका, एवढंच म्हणाली.

त्यानं उघडलं. सवयीनं. पण काम घेतलं नाही. पंक्चर झालेला एक गाडीवाला आला, त्याला पुढं पाठवला. दुपारी रस्त्याकडे तोंड करून बसून राहिला, आणि आज त्यांचा रत्नागिरीचा दिवस आहे हे आपल्याला आठवतच नाहीये असं स्वतःला भासवत राहिला.

फोन वाजला. राही. मागे इस्पितळाच्या जिन्यातले आवाज.

गिअर सुटला का, हे त्यानं आधी विचारलं. नाही सुटला, ती म्हणाली.

"आई बोलली, काका."

काल घरी जाताना नाही, रात्री नाही. आज सकाळी, घाट चढताना. मागून म्हणाली, राही, मी दमलंय, आणि हातातली पाचर पुढं केली आणि सगळं सांगितलं. राहीनं गाडी कडेला घेतली. दोघी तिथं बसून राहिल्या. ती रडली, आई नाही रडली. मग तिनं आईला विचारलं, आज काय करू? सरळ जाऊ की वळवू?

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आज चल. आलोच आहोत तर." राहीनं नाक ओढलं. "आता दर वेळेला आधी विचारणार मी. ती हो म्हणाली तरच गाडी काढायची. नितेशला पण आज सांगते. येऊ दे त्याला रविवारी, पण न्यायला नको. नुसता येऊ दे, तिच्याजवळ बसायला."

काच कशी आहे, असं आत्मारामनं विचारलं.

"आई हातानं धरून बसते. पाचर तिच्या पिशवीत आहे. तुम्हाला परत द्यायची म्हणते."

"घाई नाही म्हणावं. तीनवर चालतंय माझं."

तिसरा

त्यानं शटर ओढलं. उन्हं अजून अंगणात होती. चिमानं न्हाणीत पाणी तापवून ठेवलं होतं, काही न विचारता. दोन तांबे अंगावर घेतले, मग आणखी दोन. नखांच्या कडेचं काळं निघालं नाही, ते निघत नसतंच. आत येऊन त्यानं चटई टाकली, आणि महामार्गावर चढाला लागलेल्या गाड्या एकामागून एक दुसऱ्यातून तिसऱ्यात पडत होत्या, त्यातली एखादी सुटते का ते कान आपोआप बघत असताना, कुणाशी एक अक्षर न बोलता तो भिंतीकडे तोंड करून झोपला.